पाच नंबरचा पाईप

चाकूर,
दि. ५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मित्र पाशामियाँ यास,

शेषेरावचा रामराम आणि सलाम, दोन्ही. स. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आमचा आदिनाथ म्हणतो, बाबा, आता पत्रं कोण लिहितं, फोन लावा. पण फोनवर मला सुचत नाही. समोरचा बोलला की मी हो म्हणतो, आणि ठेवल्यावर आठवतं की नाही म्हणायचं होतं. म्हणून पत्रच बरं. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षराला हसू नकोस. उमरीच्या जिनिंगात मी गासड्यांवर नंबर टाकायचो तेव्हापासून तू हसत आलास, ते पुरे झालं.

तू लिहिलंस की तुझी सुमय्या विमान बनवून राहिली आहे. मी दोनदा वाचलं. मग आमच्या कारभारणीला, केवळाला, वाचून दाखवलं, तेव्हा तिसऱ्यांदा झालं. इंजिन नाही. शेपूटही नाही. नुसता एक मोठा पंख, आणि त्याच्या पोटाशी माणूस लटकणार. पाशा, शेपूट नसलेलं पाखरू मी पाहिलेलं नाही. मी असं म्हणालो तर केवळा म्हणाली, वटवाघळाला कुठं मोठं शेपूट असतंय, ते काय पडतंय का.

पोरगी एकोणतीस वर्षांची झाली, शाळेत गणित शिकवते, दोन उन्हाळे कामशेतला जाऊन डोंगरावरून छत्रीला लटकून उडायला शिकून आली, हे सगळं मला कबूल आहे. तरी माझ्या डोळ्यांसमोर ती तुझ्या दुकानात कूलरच्या पत्र्यावर खडूने चित्रं काढणारीच दिसते. तिने परवानगीचं काही विचारलं आहे का? पडली तर खाली काय असतं? मला विचारायला पाहिजे असं नाही, पण मन राहत नाही.

आता मुद्द्याचं. तू स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियमचे पाईप मागितलेस. आदिनाथने प्लास्टिकचे आणल्यापासून ते गोठ्यामागे पडून आहेत. तू आठ मागितलेस, आठ पाठवतो. सोमवारी आमच्या गुंडप्पाचा टेम्पो नांदेडला येतो आहे, त्यात चढवतो. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंस, त्यात कमी कसं करणार?

तू बजावून लिहिलंस की एकही पाईप कधी वाकलेला नको. आठही सरळ आहेत. मी दोरी धरून पाहिली. सरळ म्हणजे सरळ.

शकिला भाभींना रामराम. सुमय्याला आशीर्वाद. मनात लोभ आहेच, त्याचं माप कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
शेषेराव


इतवारा, नांदेड,
दि. १६ नोव्हेंबर २०२४

प्रिय दोस्त शेषू,

सप्रेम सलाम, वि. वि.

पाईप पोचले. गुंडप्पाने एकेक असा उतरवला जसा नवरीचा रुखवत उतरवतोय. मी त्याला चहा पाजला, तर तो मलाच विचारतो, मियाँ, हे उडणार की हे नुसतं म्हणणं आहे. मी म्हणालो, उडणार, आणि तुझा टेम्पो वरून दिसणार.

आता ऐक काय काय जमलं ते. पंखाच्या आतल्या फासळ्या फ्रिजच्या खोक्यांतल्या थर्माकोलच्या, त्यावर कूलरचा पातळ पत्रा. कापड एका मंडपवाल्याने टाकून दिलेलं, गुलाबी आणि पिवळं. त्यावर सुमय्याने वॉर्निशचे चार हात दिले, आता त्यातून फुंकर जात नाही. पट्टे भंगारातल्या जीपचे. चाकं मोडक्या व्हीलचेअरची. शकिला म्हणते हे विमान नाही, कुणाची तरी वरात आहे. पण कापड तिनेच शिवलं, आणि शिवण अशी घातली की मी चाळीस वर्षं रिबिटं मारणारा माणूस, बघत राहिलो.

तुझ्या पाईपांचं सांगतो. पोरीने प्रत्येक पाईप काचेवर लोळवला, डोळ्याला लावून पाहिला, आणि त्यावर नंबर टाकला. पाच नंबरचा सगळ्यांत देखणा निघाला. चकाकतो असा की जणू कालच दुकानातून आणला. म्हणून तो मधे घातला, तिच्या डोक्याच्या अगदी वर, जिथं सगळ्यात जास्त जोर येतो. बाकीचे कडेला.

तिच्याकडे एक वही आहे. कुठला तुकडा कुणाकडून आला, त्याला आधी काय काय झालं, सगळं लिहिते. तुझ्या पत्रातलं ते 'सरळ म्हणजे सरळ' कापून तिने त्या वहीत चिकटवलं आहे. मी म्हणालो, बेटी, शेषूचा शब्द आहे, चिकटवायची गरज नव्हती.

आणि एक गंमत. शकिला एवढे दिवस नक्को नक्को करत होती. मग म्हणाली, शेषूभाईंना विचारा, ते काय म्हणतात. मी म्हणालो, त्याने तर पाईप पाठवले. तेव्हा ती म्हणाली, शेषूभाईंसारखा भित्रा माणूस, बस चालू असताना दाराजवळ उभा राहत नाही, तो जर हो म्हणतो तर यात धोका नसेल. झालं, परवानगी मिळाली. तुझ्या भित्रेपणाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

केवळा वहिनींना सलाम. जसा आहेस तसाच माझा राहा.

तुझा
पाशा


चाकूर,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मित्र पाशामियाँ यास,

शेषेरावचा रामराम. स. न. वि. वि.

पत्र मिळालं. सगळं वाचून आनंद झाला. इकडे हरभरा उगवून आला आहे. माझी कंबर तशीच. म्हैस व्याली, पारडी झाली. थंडी अजून म्हणावी तशी नाही.

पाशा, त्या पाच नंबरच्या पाईपाबद्दल माझ्या मनात आलं की मधेच कशाला घालायचा? देखणा असला म्हणून काय झालं. देखणा माणूस कामाचा असतोच असं नाही, तू मला आणि मी तुला पाहिलेलं आहे. तो कडेला घालावा आणि कडेचा एखादा मळका मधे आणावा असं मला वाटतं. मला यातलं काही कळत नाही. नुसतं वाटलं म्हणून लिहिलं.

दुसरं असं की एखादा पाईप समजा ढिला निघाला, तर बाकीचे सात त्याला धरून ठेवतात का? बैलजोडीत एक बसला तर दुसरा ओढतो, तसं काही असतं का?

आणि एक विचारायचं होतं. आमच्या गावात एक जण आहे. त्याचा असाच एक ॲल्युमिनियमचा पाईप ट्रॅक्टरखाली येऊन वाकला होता. त्याने तो घरच्या घरी, शेणीच्या आगीवर तापवून, आत वाळू भरून, असा सरळ केला की कुठं वाकला होता ते बोट लावून सांगता येत नाही. पाणी पूर्वीसारखं जातं. तर असा पाईप नव्यासारखाच समजायचा ना? तो माणूस मला विचारत होता. मी म्हणालो, सुमय्याला विचारून सांगतो. तिला वेळ असला तर विचार, घाई काही नाही. म्हणजे फार उशीरही नको.

केवळा मी काय लिहितो ते बघायला दोनदा आली. तिला वाचता येत नाही तरी बघते. जाताना म्हणाली, लिहिलंत का. मी म्हणालो, लिहिलं. ती म्हणाली, ते लिहिलंत का. मी म्हणालो, कागद संपत आला.

शकिला भाभींना सांग की मी भित्रा आहे हे खरं, पण भित्र्या माणसाच्या शब्दावर एवढा भार टाकू नये.

आपलेपणा आहे तो वाढता असो.

तुझा
शेषेराव


इतवारा, नांदेड,
दि. ४ डिसेंबर २०२४

ती. स्व. शेषेराव चाचांना,

सुमय्याचा आदाब. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अब्बांनी माझ्याकडे दिलं, म्हणाले, ही तुझी परीक्षा आहे, तूच सोडव. म्हणून मी लिहिते आहे.

चाचा, शेपूट नाही याची काळजी करू नका. पंखाची दोन्ही टोकं मागे ओढलेली आहेत आणि तिथं कापड जरा खालच्या बाजूला पिळलेलं आहे. शेपूट जे काम करतं तेच काम ती टोकं करतात. केवळा चाचींचं वटवाघूळ मी शाळेत मुलांना सांगितलं, वर्ग अर्धा तास शांत झाला नाही.

पाच नंबर मधेच राहू द्या. तिथं दुसरा पाईप त्याला धरायला नाही. बैलजोडीसारखं असतं तर बरं झालं असतं, पण तिथं एकच बैल आहे, आणि त्याच्या खाली मी.

तुमच्या गावातल्या माणसाला मात्र सांगा, त्याचा पाईप पाण्यालाच ठेवा. ॲल्युमिनियम कारखान्यात मुद्दाम कडक केलेलं असतं. आगीवर धरलं की तेवढ्या जागेचा कडकपणा निघून जातो, आणि तो पुन्हा घरी आणता येत नाही. दिसायला पाईप तोच. पाणी जातं, वजन तेवढंच. पण त्या जागी तो गुळासारखा झालेला असतो. मोडतानाही सांगत नाही. म्हणूनच मी सगळ्यांना पहिला प्रश्न वाकण्याचा विचारते, कारण आपल्याकडे वाकलेलं कुणी वाकलेलं ठेवत नाही.

पंखावर मी वजन टाकून पाहिलं. उलटा करून, दोन लाकडी घोड्यांवर ठेवून, माझ्या वजनाच्या दीडपट पोती. टिकला. खरं तर तिप्पट टाकायला हवं, कारण वाऱ्याचा झटका आला की एवढा जोर येतो. पण कापड चढवून झालं आहे, तेवढ्या वजनाने अम्मीची शिवण ताणली जाईल. मी वही उघडून सगळे तुकडे पुन्हा तपासले. तुमच्या पाईपांपुढे तुमचा शब्द होता. म्हणून उरलेलं वजन मी टाकलंच नाही.

चाचा, आता एक मागणं. तुमच्या माळाचा पश्चिमेकडचा उतार मला पाहिजे. झाडं नाहीत, तारा नाहीत, आणि सकाळी वारा समोरून येतो. २२ डिसेंबरचा रविवार धरला आहे. दोन जणांनी दोरी ओढायची, मी चाकांवर सुटणार, आणि पहिल्या दिवशी दोन माणसांच्या उंचीपेक्षा वर जाणार नाही. अम्मी म्हणते ती तुमच्या घरीच बसेल, बघणार नाही. तुम्ही हो कळवा.

तुमची माया आम्हा सगळ्यांवर आहे, तिच्या भरवशावर हे मागते आहे.

तुमची
सुमय्या


चाकूर,
दि. १३ डिसेंबर २०२४

चि. सुमय्या हिस, आणि माझा मित्र पाशामियाँ यास,

अनेक आशीर्वाद आणि रामराम. हे पत्र दोघांनी बरोबर बसून वाचावं.

हे पोस्टात टाकत नाही. आदिनाथ सकाळच्या बसने घेऊन येतो आहे. तो दाराशी उभा आहे, म्हणून आधी महत्त्वाचं लिहितो. बाई, त्या पंखाखाली जाऊ नकोस. पाच नंबरचा पाईप वाकलेला होता. गावातला तो एक माणूस म्हणजे मी.

आता कसं झालं ते सांगतो. पाच वर्षांमागे मी तो बांधावर आडवा टाकून विसरलो, आणि त्यावरून ट्रॅक्टरचं चाक गेलं. मधे हातभर जागेत वाकला. मला फार लागलं ते. मग मी त्यात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकांना बोळे बसवले, आणि शेणीच्या आगीवर धरून, दोन दगडांवर ठेवून, फळीने दाबत दाबत सरळ केला. केवळा वारा घालत होती. अर्धा दिवस लागला. गावातली माणसं पाहायला आली. मी एकाला विचारलं, ह्यात वाकलेला कोणता, तर त्याला सांगता आलं नाही. माझ्या हातून एवढं नीट काम आयुष्यात ते एकच झालं असेल. म्हणून मी तो चिंचेने आणि राखेने घासून ठेवला होता. दरवर्षी घासत होतो. तो चकाकतो तो त्यामुळे. मी घासला नसता तर तू त्याला मधे घातलं नसतंस. हे माझ्या मनातून जात नाही.

पाशा, तू आठ मागितलेस. गोठ्यामागे सात धड होते आणि हा आठवा. सात पाठवले असते तर तू काही म्हणाला नसतास, हे मला माहीत होतं. तरी सात लिहायला हात उचलला नाही. तू पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी एक कमी द्यायचा. मी मनाशी म्हणालो, वाकलेला होता, आता कुठं आहे. सरळ आहेत असं मी लिहिलं, ते खोटं नव्हतं. पण तू विचारलं होतंस वेगळंच. तू विचारलं होतंस, कधी वाकला होता का. ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो.

सुमय्याचं पत्र येऊन पाच दिवस झाले. ते पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं. मग तिथून फोन लावला. शकिला भाभींनी उचलला. मी तब्येत विचारली, म्हशीचं सांगितलं, आणि ठेवून दिला. त्या म्हणाल्या, तुम्ही हो म्हणालात म्हणून माझ्या जिवाला शांती आहे. काल केवळाने भाकरी टाकता टाकता सांगितलं की उद्या दुपारपर्यंत तुम्ही नाही कळवलं तर मी शेजारच्या रुद्राणीकडून नंबर लावून घेते आणि शकिलाबाईला सगळं सांगते, आणि मग तुम्ही त्या गोठ्यातच राहा. माझी हिंमत होती असं समजू नका. हिंमत तिची आहे.

पोरी, तू लिहिलंस की माझ्या शब्दामुळे उरलेलं वजन टाकलं नाहीस. मी ते वाक्य रोज वाचतो. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही, मुंगीवर पाय पडला तरी मला वाईट वाटतं, आणि तुला मात्र मी एका पाईपाच्या लाजेपायी त्याखाली जाऊ देत होतो.

माळाचं म्हणशील तर माळ तुझाच आहे. पण मी तिथं तोंड दाखवू का नको ते तुम्ही ठरवा.

लोभ मागण्याची ही वेळ नाही. उरला असला तर राहू द्या.

शेषेराव


इतवारा, नांदेड,
दि. २० डिसेंबर २०२४

शेषू,

सलाम.

आठवडा झाला, मी लिहिलं नाही. रागात होतो. पण पूर्ण पत्र वाच, मधे ठेवू नकोस.

तुझं पत्र सुमय्याने मोठ्याने वाचलं. आदिनाथ समोर बसला होता, त्याचा चहा तसाच राहिला. वाचून झाल्यावर ती उठली. कातर आणली आणि शकिलाची शिवण मधोमध उसवली. शकिलाने स्वतः कापड धरून दिलं. पाच नंबर बाहेर काढला, दोन घोड्यांवर ठेवला आणि मधे पोती लटकवली. कडेचा एक चांगला पाईप पाचव्या पोत्यापर्यंत तसाच राहिला, ते तिने आधी करून दाखवलं. मग तुझा. पहिलं पोतं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसरं टाकलं आणि तो बसला. मोडला नाही, आवाज नाही, नुसता हळूहळू खाली गेला, जशी दमलेली म्हैस बसते. माझी बेटी त्याच्याखाली असायची होती, शेषू. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. मी तुला काय काय म्हणालो ते आदिनाथने सांगितलं असेल. त्यातलं अर्धं मी आजही म्हणतो.

उरलेलं अर्धं मला स्वतःला म्हणायचं आहे. ते सांगण्यासाठी हे पत्र.

पंख जोडताना पाईपांना रिबिटांची भोकं मीच पाडली. सात पाईपांत ड्रिल जायला पाहिजे तसं गेलं, कुरकुरत, बारीक बारीक चुरा पडत. पाच नंबरमधे ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. चुरा पडला नाही, लांबच लांब चिकट तारा निघाल्या आणि ड्रिलला गुंडाळल्या. चाळीस वर्षं मी पत्रा कापतो आहे. हे कडक ॲल्युमिनियम नव्हे, हे आग खाल्लेलं आहे, एवढं मला त्या तारेकडे बघताच कळलं. सुमय्या तेव्हा शाळेत होती. मी ड्रिल थांबवलं. आणि मग मनात काय आलं सांगू? हा शेषूचा पाईप आहे. त्याने लिहून दिलं आहे. आता मी त्याला विचारायचं की तू आगीवर धरला होतास का, म्हणजे त्याला खोटारडा म्हणायचं. एवढ्या वर्षांच्या दोस्ताला एका पाईपासाठी. मी त्या तारा गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या. भोक पूर्ण केलं. रिबिट मारलं.

तू लाजलास, तुझं समजू शकतो. मी तर तिचा बाप आहे.

हे मी सुमय्याला त्याच दिवशी, पायरीवर बसूनच सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, अब्बा, तुम्ही दोघं एकमेकांची इतकी अदब ठेवता की त्या अदबीखाली मी मेले असते आणि तुम्ही दोघं मातीला येऊन एकमेकांना दोष नाही म्हणून सांगितलं असतं. याला उत्तर तुला आलं तर कळव.

शकिला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझ्याबद्दल म्हणाली, शेषूभाईंनी निदान सांगितलं. आणि मग मला वाढलं, पण भाजी थंड होती.

रविवारचं रद्द केलं. पण बेटी थांबणारी नाही. तिने सगळं पुन्हा उघडलं आहे, यावेळी पूर्ण तिप्पट वजन टाकणार, शिवण गेली तर जाऊ दे म्हणाली. अम्मी पुन्हा शिवेल. आता एक पाईप कमी पडतो. मी म्हणालो, भंगारात शोधू. ती म्हणाली, नाही, चाचांकडे विहिरीपासून हौदापर्यंत ॲल्युमिनियमची एक चालू लाइन आहे, त्यातला पाहिजे. मी म्हणालो, पुन्हा त्याच्याकडूनच? ती म्हणाली, चाचा आता ज्या पाईपाबद्दल लिहितील, तो पाईप मी कंपनीच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त ओळखेन. तिची अट एवढीच आहे. त्या पाईपाला आजपर्यंत जे जे झालं ते सगळं लिही. लहान असो, लाजेचं असो. काही गाळू नकोस. मी भोक पाडताना ती समोर उभी राहणार आहे. ती माझी अट आहे.

तोंड दाखवू का म्हणून विचारतोस. जानेवारीत पंखाचं एक टोक धरायला माणूस लागेल. दुसरं मी धरणार आहे. तू नाही आलास तर पंख एका बाजूला पडेल, मग बघ.

रागावलेला, पण तुझाच
पाशा


चाकूर,
दि. २५ डिसेंबर २०२४

चि. सुमय्या हिस,

शेषेराव चाचाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या अब्बांना सांग, त्यांचं पत्र मिळालं. त्याचं उत्तर मला अजून जमत नाही. त्या चिकट तारांचं मी केवळाला वाचून दाखवलं. आम्ही दोघं एकमेकांना कधी टाकून बोललो नाही, याचा मला अभिमान होता. आता कळत नाही काय वाटावं. तूर्त एवढंच सांग की टोक धरायला मी येईन.

विहिरीच्या लाइनीतला पाईप काल काढला. तिथं आदिनाथने रबरी नळी जोडली, ती गळते, पण हौद भरतो. गुंडप्पा शनिवारी घेऊन येईल. तू सांगितलंस तसं सगळं लिहितो. केवळा समोर बसली आहे, मी गाळलं तर ती सांगणार आहे.

हा पाईप आदिनाथच्या लग्नाच्या आदल्या वर्षी लातूरहून घेतला. जीपच्या टपावर बांधून आणला. वाटेत बाभळीची फांदी लागली, त्याचा ओरखडा एका टोकापासून दीड हातावर आहे. नखाला लागतो, पण खोल नाही. तू स्वतः बघ.

एका टोकाचं रबर दोनदा बदललं. ते बदलताना मी पाना उलटा धरला होता, म्हणून कडेला दोन दात उमटले आहेत. तेवढा भाग कापून टाकावा असं माझं मत.

एकदा बैलाने पाय दिला. तेव्हा जमीन ओली होती, पाईप चिखलात गेला, वाकला नाही. हे मी स्वतः पाहिलं. पण बैलाने पाय दिला तो दिला.

एकदा लाइन सुटी केली होती तेव्हा मी त्याने साप मारायला गेलो. साप गेला, पाईप दगडावर आपटला. लहानसा पोचा आहे, करंगळीच्या नखाएवढा. कुठं आहे तिथं खडूने गोल केला आहे. त्यावेळी मी सगळ्यांना सांगितलं होतं की साप मारला. मारला नव्हता.

केवळा त्यावर गोधड्या वाळत घालायची. ओल्या गोधड्या जड असतात. असं किती वर्षं, विचारलं तर म्हणते, धुणं कोण मोजतंय.

आग कधीच लागली नाही. हिवाळ्यात शेकोटी पेटवतो ती दहा हात लांब असते. मी काल पावलांनी मोजलं. केवळा साक्ष आहे, आणि आदिनाथलाही विचार, त्याला मी आधी काही पढवलेलं नाही.

हा मी घासलेला नाही. मळका आहे तसाच पाठवतो.

तरीही हे सगळं वाचून तुला जरा जरी शंका आली, तर तो फेकून दे. मला वाईट वाटेल म्हणून ठेवू नकोस. मला वाईट वाटलं तर वाटू दे. पाशाला वाईट वाटलं तर वाटू दे. तू पोती टाक. पाचवं झालं की सहावं टाक.

शकिला भाभींना सांग, इकडे आल्या की घरात बसायचं असेल तर बसा, केवळा सोबतीला आहे. फक्त माझ्या शब्दावर बसू नका, पोत्यांवर भरवसा ठेवा.

तुम्हा सगळ्यांची माया मी गृहीत धरत होतो. आता तशी धरत नाही, मागतो.

तुझा चाचा
शेषेराव

ता. क. केवळा म्हणते एक राहिलं. ते मी मुद्दाम गाळलं नव्हतं, पाईपाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटलं नाही. उरलेलं वजन न टाकल्याचं तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गोठ्यातून निघून विहिरीकडे गेलो आणि ह्याच पाईपावर बसलो. तो तेव्हा दोन दगडांवर टेकलेला होता, मधे अधांतरी. मी अगदी मधोमध बसलो होतो. केवळा जेवायला बोलवायला आली तोपर्यंत, म्हणजे तीन तास. चाकूरच्या दवाखान्यात माझं वजन एकसष्ट किलो भरलं. पाईप वाकला नाही. पण तुला माहीत असावं.